घरी पिलाटीस करताय? व्हिडिओ असा निवडा
पिलाटीस म्हणजे श्वासाच्या लयीत पोट-पाठीचे स्नायू बळकट करणारा व्यायामप्रकार. शोधताना ‘मॅट पिलाटीस’ (चटईवर करायचा) असंच टाका, नाहीतर स्प्रिंगच्या रिफॉर्मर यंत्रावरचे व्हिडिओ समोर येतात. मग ‘हंड्रेड’ हा व्यायाम कसा शिकवलाय ते आधी बसून बघा. यात पाठीवर पडून डोकं आणि पाय उचलायचे आणि हात ठोक्यात वरखाली हलवायचे: पाच ठोक्यांत श्वास आत, पाच ठोक्यांत बाहेर, असे दहा श्वास. शिक्षिका हे मोजून घेते का? मान भरून आली तर डोकं खाली टेकवा, कंबर मॅटवरून उचलली जात असेल तर गुडघे वाकवा, असं सांगते का? नुसतं ‘अजून दहा, चला!’ चाललं असेल तर तो व्हिडिओ सरळ बंद करा. सुरुवातीला वीस मिनिटं पुरेत. हाडं ठिसूळ असतील तर पाठ गोल करून उठण्याचे प्रकार टाळा, डॉक्टरांना विचारूनच सुरू करा. कॅमेरा बाजूने असेल तर उत्तम, कण्याची ठेवण नीट दिसते.