प्रयोग उरकल्यावर टेस्ट शोधू नका: शेती, शाळा आणि आरोग्याच्या संशोधनात या चुका टाळा

“सर, डेटा गोळा झालाय, आता कोणती टेस्ट लावू?” एम.एस्सी. कृषी, एम.डी. किंवा एम.एड.चा प्रबंध करणारे विद्यार्थी संख्याशास्त्राच्या शिक्षकांकडे येतात तेव्हा बहुतेकांचा पहिला प्रश्न हाच असतो. प्रश्न योग्य आहे, वेळ मात्र टळून गेलेली असते. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९३८ साली कोलकात्यात, पहिल्या भारतीय संख्याशास्त्र परिषदेच्या अध्यक्षपदावरून नेमकं हेच बजावलं होतं. प्रयोग संपल्यावर संख्याशास्त्रज्ञाला बोलावणं म्हणजे अनेकदा शवविच्छेदनाला बोलावणं. प्रयोग कशाने दगावला, एवढंच तो सांगू शकतो.

म्हणून इथल्या बहुतेक चुका पेरणीच्या आधीच्या, शाळेत टॅबलेट वाटण्याच्या आधीच्या, पहिल्या रुग्णाची सही घेण्याच्या आधीच्या आहेत. जी चूक नंतरही सावरता येते, तिथे ती कशी सावरायची तेही सांगितलं आहे.

नेमून दिलं एकाला, मोजलं दुसऱ्यालाच

तिन्ही क्षेत्रांत सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, त्यामुळे तिच्यावर जरा जास्त थांबू.

खत, ॲप किंवा उपचार तुम्ही ज्याला नेमून दिलात, तेच तुमचं एकक. खताची मात्रा प्लॉटला दिली, मग त्या प्लॉटमधल्या पाच झाडांना लेबलं लावून उंची मोजली. तीन रेप्लिकेशन (तीच मात्रा तीन वेगळ्या प्लॉटना), प्रत्येकी पाच झाडं, म्हणून नमुना १५ चा, असं धरलं की हिशेब बिघडला. एका प्लॉटमधल्या पाचही झाडांना तीच माती, तेच पाणी, तोच करपा. तुमच्याकडे प्रत्येक मात्रेचे स्वतंत्र आकडे तीनच आहेत. परिसरशास्त्रज्ञ स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये या चुकीला स्यूडोरेप्लिकेशन, म्हणजे खोटी पुनरावृत्ती, हे नाव दिलं आणि छापून आलेल्या परिसरशास्त्रीय अभ्यासांमध्येही ती किती मुरलेली आहे हे दाखवलं. शेतातल्या प्रयोगात ती सावरते: पाच झाडांची सरासरी काढा, प्लॉटमागे एकच आकडा ठेवा आणि मग ॲनोव्हा (गटांच्या सरासरींची तुलना करणारी टेस्ट) करा. फरक सिग्निफिकंट, म्हणजे निव्वळ योगायोगाने न आलेला, ठरणं कदाचित बंद होईल. ते तसंच लिहा.

शाळेत मात्र ती सावरत नाही. एका शाळेला टॅबलेट दिले, शेजारच्या गावातल्या शाळेला दिले नाहीत, दोन्हीकडची ६०-६० मुलं तपासली आणि १२० मुलांवर टी-टेस्ट (दोन सरासरींची तुलना) लावली. पण टॅबलेट मिळालेली शाळा एकच आहे. तिथल्या गणिताच्या बाई चांगल्या असतील, किंवा दुसऱ्या शाळेत त्या वर्षी शिक्षकाची जागा रिकामी असेल. मुलांची संख्या १२० वरून १,२०० केली तरी ही शंका फिटत नाही. अशा अभ्यासाला तुलनात्मक प्रयोग म्हणू नका. एका शाळेत काय घडलं याचं तपशीलवार वर्णन म्हणून तो मांडा, त्याला तसं मोल आहेच.

शाळा किंवा वर्ग पुरेसे घेतले असले तरी नमुन्याचा आकार ठरवताना आणखी एक गोष्ट सुटते. एका वर्गातली मुलं एकमेकांसारखी असतात, आणि हे साम्य आयसीसी (इंट्राक्लास कोरिलेशन) या शून्य ते एकमधल्या आकड्यात मोजतात. वर्गातल्या मुलांच्या संख्येतून एक वजा करा, आयसीसीने गुणा, त्यात एक मिळवा. तेवढ्या पटीने नमुना वाढवावा लागतो. समजा वर्गात ४० मुलं आहेत आणि आयसीसी ०.२ आहे. ३९ गुणिले ०.२ म्हणजे ७.८, अधिक एक, ८.८. मग दहा वर्गांतली ४०० मुलं सुट्ट्या निवडलेल्या सुमारे ४५ मुलांइतकीच माहिती देतात. हे गणित सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा आराखडा, लिहितानाच करा.

गावपातळीवरच्या आरोग्य अभ्यासाचा चांगला नमुना आपल्याकडेच आहे. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेने घरपोच नवजात बाळांची काळजी सुरू केली, तेव्हा तुलना ३९ गावांची ४७ गावांशी होती. १९९३ ते १९९५ या काळात सेवा सुरू करण्याआधीची नोंद घेतली गेली, त्यामुळे दोन्हीकडची परिस्थिती मुळात कशी होती हे दाखवता आलं. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले: तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी घटला होता. सेवा गावाला दिली जाते, म्हणून गावं मोजायची आणि आधीची स्थिती नोंदवून ठेवायची. प्रबंध लहान असला तरी या दोन गोष्टी जमण्यासारख्या आहेत.

शेतात

चार ट्रीटमेंट (तुलनेच्या मात्रा किंवा वाणं) आणि तीन रेप्लिकेशन ही जोडी सगळीकडे दिसते, कारण ती जागेत बसते. रँडमाइज्ड ब्लॉक डिझाइनमध्ये शेताचे सारख्या जमिनीचे पट्टे (ब्लॉक) पाडून प्रत्येकात सगळ्या ट्रीटमेंट चिठ्ठ्या टाकून लावतात. त्यात एररच्या डिग्री ऑफ फ्रीडम, म्हणजे योगायोगाचा चढउतार मोजायला उरलेले स्वतंत्र आकडे: ट्रीटमेंटमधून एक वजा, गुणिले रेप्लिकेशनमधून एक वजा. इथे ३ गुणिले २, फक्त ६. किमान १२ हव्यात हा जुना दंडक आहे. चार ट्रीटमेंटना पाच रेप्लिकेशन घेतली तर त्या बरोबर १२ होतात. जागा नसेल तर प्रश्न लहान करा; रेप्लिकेशन कापू नका.

दुसरी चूक ब्लॉकच्या दिशेची. उताराच्या शेतात वरच्या अंगाला माती उथळ आणि खालच्या अंगाला खोल, हे शेतकरी डोळ्यांनी सांगतो. ब्लॉक उताराला आडवे पडले पाहिजेत, म्हणजे एका ब्लॉकमधले सगळे प्लॉट सारख्या जमिनीत येतात. ते उताराच्या दिशेने लांब पाडले तर उथळ आणि खोल जमीन एकाच ब्लॉकमध्ये येते आणि ब्लॉक पाडण्याचा हेतूच जातो. नकाशा ऑफिसात काढण्याआधी त्या शेतात ज्याने दहा पावसाळे काढलेत त्याच्यासोबत एक फेरी मारा.

कापणीच्या वेळी कडेच्या ओळी सोडायला विसरू नका. त्यांना ऊन आणि हवा जास्त मिळते, दाणा जास्त भरतो. याच्याशी जवळचा एक प्रश्न सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मलेल्या संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात पीक कापणी प्रयोगांतून मांडला होता: कापणीचा तुकडा फार लहान असला की हेक्टरी उत्पादन वाढीव दिसतं. रेषेवरची झाडं आत धरली जाण्याकडे कल असतो, आणि तुकडा जितका लहान तितका कडेचा वाटा मोठा. जे झाड रेषेवर असेल ते आत की बाहेर, हा नियम कापणीआधी लिहून ठेवा आणि सगळ्या मजुरांना एकाच वेळी समजावा.

वजन घेताना दाण्यातला ओलावा मोजा. १८ टक्के ओलाव्याचं १०० किलो धान्य १२ टक्क्यांवर आणलं तर ते ९३ किलोच भरतं. उशिरा पक्व होणारं वाण ओलं तोललं आणि लवकरचं वाळलेलं तोललं, तर जिंकलेलं वाण पाण्याने जिंकलेलं असू शकतं. ओलावा नोंदवलेला असेल तर ही चूक नंतरही दुरुस्त होते, नोंदवलाच नसेल तर होत नाही.

आणि एका खरिपावर शिफारस करू नका. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली ही आपली चारही कृषी विद्यापीठं वेगवेगळ्या पावसाच्या प्रदेशांत काम करतात. कोरडवाहू मराठवाड्यात तर लागोपाठची दोन वर्षंही एकमेकांना ओळख देत नाहीत. पदव्युत्तर प्रबंधात एकच हंगाम मिळतो हे मान्य, पण मग शेवटच्या प्रकरणात “शेतकऱ्यांनी वापरावे” असं लिहायचा अधिकारही मिळत नाही.

शाळेत

एज्युटेकच्या, म्हणजे ॲप-टॅबलेटने शिकवण्याच्या, अभ्यासात नेहमी एक घोटाळा होतो: ॲपसोबत अभ्यासाचा वेळही वाढलेला असतो. एका गटाने शाळा सुटल्यावर रोज पाऊण तास ॲपवर घालवला, दुसरा गट घरी गेला. गुण वाढले ते ॲपमुळे, की पाऊण तासामुळे? दुसऱ्या गटालाही तेवढाच वेळ वही-पाटीवर सराव द्या, म्हणजे प्रश्न सुटतो.

दिल्लीत ‘माइंडस्पार्क’ या सॉफ्टवेअरचा अभ्यास ६१९ मुलांवर झाला आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. कोणाला संधी मिळणार ते लॉटरीने ठरलं होतं. साडेचार महिन्यांत गणितात आणि हिंदीत चांगली वाढ दिसली. पण केंद्रावरच्या सत्रात सॉफ्टवेअरबरोबर लहान गटातली शिकवणीही होती, आणि हा परिणाम दोन्हींचा मिळून आहे हे संशोधकांनी स्वतःच लिहिलं. तो अभ्यास वाचताना माझा विश्वास बसला तो या कबुलीमुळे.

याच अभ्यासात चाचणीबद्दलही शिकण्यासारखं आहे. बरीच मुलं आपल्या इयत्तेच्या खूप मागे होती. सातवीच्या मुलाला सातवीचाच पेपर दिला, आणि तो तिसरीच्या पातळीवरून पाचवीच्या पातळीवर आला असेल, तर पेपरात त्याचे गुण आधीही शून्याजवळ आणि नंतरही शून्याजवळ. वाढ झाली, पण पट्टीला ती दिसली नाही. चाचणीत खालच्या इयत्तांचे प्रश्न घाला. वाचनाची पातळी बघायची असेल तर मुलाला एकट्याला समोर बसवून वाचायला लावा. २००५ पासून मुलांच्या वाचन-गणिताची पातळी बघणारं ‘असर’चं सर्वेक्षण असंच चालतं.

ॲप बनवणाऱ्या कंपनीची चाचणी मोजमापाला वापरू नका. आणि लॉगमधल्या मिनिटांवर विसंबू नका: घरात फोन एकच असतो, तो सकाळी वडिलांबरोबर शेतावर जातो, आणि एकाच लॉगिनवर ताई आणि भाऊ दोघंही बसतात. कोण किती वेळ बसलं, हे आठवड्यातून एकदा घरी जाऊन विचारावं लागतं.

दवाखान्यात आणि गावात

ओपीडीत आलेल्या रुग्णांवरून जिल्ह्याचा आजार सांगू नका. स्त्रीरोगतज्ज्ञ राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांमध्ये स्त्रीरोग आढळले, आणि त्याआधी कधी तशी तपासणी झालेल्या स्त्रिया फक्त ८ टक्के होत्या. रुग्णालयाच्या रजिस्टरवर हा अभ्यास केला असता तर जवळजवळ सगळ्या स्त्रिया त्यातून निसटल्या असत्या. तुमचा नमुना ओपीडीचा असेल तर शीर्षकातच तसं लिहा.

एथिक्स कमिटीची मंजुरी मागाहून मिळत नाही. क्लिनिकल ट्रायलची सीटीआरआयवरची (देशातल्या अशा चाचण्यांच्या सार्वजनिक नोंदवहीतली) नोंदणी १५ जून २००९ पासून सक्तीची आहे, आणि १ एप्रिल २०१८ पासून पहिला सहभागी घेण्याआधी केलेली नोंदणीच स्वीकारली जाते. त्या नोंदणीत मुख्य परिणाम कोणता मोजणार हे लिहावं लागतं. पुढे रक्तदाबात फरक दिसला नाही म्हणून झोपेचा दर्जा मुख्य परिणाम करायचा मोह झाला, तर तुमची स्वतःची नोंद सगळ्यांना वाचायला खुली आहे.

संमतिपत्र वाचून दाखवलं म्हणजे संमती झाली असं नाही. धडगावच्या पाड्यावर किंवा भामरागडच्या गावात ऑफिसची मराठी कामाची नाही. तिथली पावरी किंवा माडिया बोलणारी व्यक्ती सोबत हवी, आणि ती सहभागी स्त्रीची सासू नसावी. समजावून झाल्यावर “आता तुम्ही मला सांगा, यात काय करायचं आहे?” असं विचारा. उत्तर आलं नाही तर सही घेऊ नका.

फाईलमध्ये

एक्सेलच्या रकान्यात १०:२६:२६ टाइप केलं की त्याला ते खत वाटत नाही, घड्याळातली वेळ वाटते. १९:१९:१९ चंही तेच. ५-१० लिहिलं तर तारीख होते. टाइप करायला बसण्याआधी तो रकाना टेक्स्ट करून घ्या. आधीच गोंधळ झाला असेल तर कागदी नोंदवहीवरून पुन्हा भरा, अंदाजाने नको. रिकामा रकाना आणि शून्य यांत फरक आहे: कीड सापडली नाही तेव्हा शून्य, पाहणी झालीच नाही तेव्हा रिकामा. मूळ फाईल वेगळी जपा आणि प्रतीवर काम करा.

अभ्यास सोडून गेलेल्यांना विश्लेषणातून गुपचूप काढू नका. प्रत्येक गटातून किती गेले आणि का गेले, याचा तक्ता द्या. ॲपच्या गटातून कच्ची मुलंच गळाली असतील तर उरलेल्यांची सरासरी आपोआप वर जाते.

पेपर छापण्याबद्दल थोडक्यात: यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनी पीएच.डी.साठी शोधनिबंध छापण्याची देशपातळीवरची सक्ती काढली, आणि २०२५ मध्ये मान्य नियतकालिकांची यूजीसी-केअर यादीही बंद झाली. तुमच्या विद्यापीठाचा नियम वेगळा असू शकतो, तो लेखी मागून घ्या. पैसे भरून आठवड्यात छापून देणाऱ्या नियतकालिकाला हो म्हणण्याआधी त्याच्या संपादक मंडळावरच्या दोघांना ईमेल करून विचारा, तुम्ही खरंच या मंडळावर आहात का?