मिरगाच्या आधी संत्र्याची सल काढताय? आधी खिशातला चाकू पाहा

राजेहो, नवतपा सुरू आहे, ७-८ जूनला मिरग लागते, अन् वरुड, मोर्शी, काटोलकडच्या बऱ्याच संत्रा बागांत सल, म्हणजे झाडावरच्या वाळलेल्या फांद्या, अजून तशीच लटकून आहे. पाणी पडायच्या आत ती काढायचीच. पण मी इतक्या वर्षांत बागा सलीनं कमी अन् चुकीच्या चाकूनं जास्त खराब होताना पाह्यल्या, म्हणून आज त्याच्यावरच लिहितो.

आजकाल बाजारात मिळणारा घडीचा चाकू बऱ्याचदा दातेरी किंवा अर्धा दातेरी असते. दुकानदार सांगते, भाऊ, याले धार लावाच लागत नाही. ते बरंचसं खरं आहे, दाताच्या टोकावर जोर येते म्हणून धार गेली तरी कापते. नायलॉनची दोरी, बारदाना, खताचं पोतं, ठिबकची लॅटरल (नळी), सुतळी, यासाठी दातेरीच घ्या, सोयाबीन-गहू सोंगायले दातेरी वैभव विळाही चांगला. पण झाडाच्या सालीले दातेरी लावू नका. साल चिरत नाही, फाटते. मागं एका कास्तकारानं डिंक्याची (सालीतून डिंक गळायच्या रोगाची) जखम असल्याच चाकूनं खरडली, कडेचे धागे झालरीसारखे लोंबत होते, अन् पोळ्याच्या सणापर्यंत त्याच कडेवर मधासारखे डिंकाचे थेंब आले. वरून तोच चाकू न पुसता पुढच्या चाळीस झाडांले लावलेला. दातांच्या खाचेत साल अन् चीक अडकून राह्यते, फडक्यानं निघत नाही, रोग तिथूनच फिरतो.

म्हणून बागेसाठी सरळ धारेचा साधा लोखंडी चाकू ठेवा, आपल्या लोहारानं केलेला असला तरी चालते. पत्थरावर रोज सकाळी दोन मिनिटं घासा, नखावर ठेवल्यावर घसरला नाही तर धार बरोबर आहे. दातेरीले गोल कानस लागते, एकेक खाच घासत बसा, ते कोणी करत नाही.

सल काढताना वाळलेल्या भागासोबत २ सेंमी हिरवी फांदी घ्या. बोटापेक्षा जाड फांदीले करवत, आधी खालून थोडी कापा मग वरून, नाहीतर साल खोडापर्यंत सोलून येते, अन् करवतीचा काप सरळ चाकूनं गुळगुळीत करा. डिंक्या असेल तर खराब साल निरोगी साल लागेपर्यंत खरडा, लाकडात घुसू नका, खरडलेलं आळ्यात (झाडाभोवतीच्या पाण्याच्या खड्ड्यात) न टाकता जाळा. मग पोटॅशियम परमँगनेट लिटरले १० ग्रॅम करून जखम धुवा.

प्रत्येक झाडानंतर पातं १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटात बुडवा. बाटली ४ टक्क्यांची असेल तर १ भाग औषध, ३ भाग पाणी. यानं लोखंड गंजते, संध्याकाळी धुऊन तेलाचा हात द्या. हे बुडवणंच लोक टाळतात, राजेहो, अन् याच्यातच बाग जाते.

जखमेवर लावायले महागड्या ट्यूबा कोणी गळ्यात मारल्या तर घेऊ नका, बोर्डो पेस्ट बस आहे: मोरचूद (कॉपर सल्फेट) १ किलो ५ लिटर पाण्यात, चुना १ किलो ५ लिटरात, वेगवेगळं भिजवून गाळून तिसऱ्या प्लास्टिकच्या बादलीत एकत्र करा. त्यात तोच लोखंडी चाकू मिनिटभर धरा, पात्यावर तांबूस थर आला तर अजून चुन्याची निवळी टाका. थर येणं बंद झाल्यावरच खोडाले जमिनीपासून ३ फूट लावा, त्याच दिवशी संपवा. छाटणी झाल्यावर कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक लिटरले ३ ग्रॅम फवारा.

मिरगाच्या आधीची बाकी कामं नेहमीचीच:
- आळे खोडापासून दूर
- उताराले चर
- लॅटरलची टोकं उघडून धुणं
- सोयाबीनचे १०० दाणे भिजवून उगवण पाहणं, ७० च्या खाली नको

मी तं सल उन्हं चढल्यावरच काढतो, सकाळच्या ओलीत काप लवकर सुकत नाही असं वाटते मले. आभाळ भरून आलं असेल तर त्या दिवशी चाकू खिशातच ठेवा. अन् मधात एखादी सर येऊन गेली तर खोड कोरडं होऊ द्या, मगच पेस्ट लावा, ओल्या सालीवरची पहिल्याच पावसात धुऊन जाते.