जुनं प्रायव्हेट जेट घेताय? किती उडालं ते नंतर, उभं किती राहिलं ते आधी विचारा

ब्रोकर सगळ्यात आधी तास सांगणार, वीस वर्षांचं आहे साहेब पण उडालंय अगदी कमी. सेकंडहँड गाडी घेताना हे ऐकून बरं वाटतं, जेटच्या बाबतीत मात्र इथेच सावध व्हायचं. कारण मेंटेनन्स उड्डाणाच्या तासांवर आणि लँडिंगच्या सायकल्सवर (एक टेकऑफ आणि एक लँडिंग म्हणजे एक सायकल) ठरतो तसा कॅलेंडरवरही ठरतो, आणि विमान उभं असलं तरी सीलं कडक होतातच, टाकीत पाणी साचून बुरशी धरते, आणि मुंबईच्या खाऱ्या हवेत पावसाळे उघड्यावर काढले असतील तर गंजाबद्दल बोलायलाच नको.

म्हणून पहिलं लॉगबुक, तेही कारखान्यातून बाहेर पडल्यापासूनचं. महिनोन्‌महिने उड्डाण नाही अशा जागा शोधा आणि त्या काळात इंजिनाचं प्रिझर्व्हेशन, म्हणजे उभ्या इंजिनाला गंज धरू नये म्हणूनची बंदोबस्ताची प्रक्रिया, केल्याची नोंद आहे का बघा, नसेल तर किंमत पाडून मागा नाहीतर सरळ सोडून द्या. टर्बाइन डिस्कसारख्या पार्टचं आयुष्य सायकल्समध्ये मोजतात, त्याचे कागदच हरवले असतील तर तो पार्ट वरून कितीही चकचकीत दिसो, भंगारच समजा.

मग प्री-बाय इन्स्पेक्शन, म्हणजे सौद्याआधीची तपासणी. ते अशा शॉपकडून करून घ्या ज्यांनी हे विमान आधी सांभाळलेलं नाही, म्हणजे स्वतःच्याच कामाला पास करायचा प्रश्न येत नाही. इंजिनांची बोरोस्कोपी (बारीक कॅमेरा आत घालून तपासणी) हवीच, पण टॉयलेट आणि गॅलीखालची (विमानातल्या किचनखालची) फ्लोअर पॅनलं पण उघडायला लावा, गंज हमखास तिथे सापडतो (आणि नेमकं तेच उघडायला विक्रेता कुरकुरतो).

टायरला कोणी विचारत नाही. 2008 च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत साउथ कॅरोलिनातल्या कोलंबिया शहरात लिअरजेट 60 हे प्रायव्हेट जेट टेकऑफ घेताना टायर फुटून धावपट्टीबाहेर गेलं, सहापैकी चार जण गेले. विमान जवळपास नवंच होतं! पण तीनेक आठवडे टायरचं प्रेशर तपासलंच नव्हतं आणि ते रोज साधारण 2 टक्के उतरत होतं, जे नुसतं बघून कळत नाही. तेव्हा प्रेशर गेजने तपासल्याच्या नोंदी मागा.

पार्टचं पण बघून ठेवा. हॉकर जेटं बनणं 2012 च्या दिवाळखोरीनंतर थांबलं, शेवटचं लिअरजेट 2022 मध्ये डिलिव्हर झालं, त्यामुळे विंडशील्ड, लँडिंग गिअर ओव्हरहॉल यांची कोटेशनं सौद्याआधीच घ्या. इंजिन तासावारी प्रोग्रॅमवर (दर उड्डाणतासामागे पैसे भरून देखभालीचा खर्च भागवणारी योजना) असेल तर हप्ते पूर्ण भरलेत आणि तो तुमच्या नावावर होईल हे लेखी घ्या. बाहेरून आणणार असाल तर डीजीसीएची (नागरी विमान वाहतुकीचं नियमन करणारी सरकारी संस्था) विमानाच्या वयाची अट टोकन देण्याआधी वाचा, नंतर नाही.

करारात एक ओळ मात्र सोडू नका: इन्स्पेक्शनमध्ये उड्डाणयोग्यतेला बाधक जे निघेल ते विक्रेत्याच्या खर्चाने, नाहीतर डिपॉझिट परत.