कार्ड आधी की काम आधी? सोलापूरहून मुंबईला निघालेल्या नटांसाठी

राज्य नाट्य स्पर्धेच्या दिवसांत हुतात्मा स्मृती मंदिराच्या विंगेत एक प्रश्न हमखास कानावर येतो : "ताई, कार्ड काढलं की काम मिळतं का?" नाही मिळत. काम ऑडिशनमधूनच मिळतं. कार्डाचं, म्हणजे नटांच्या संघटनेच्या सभासदत्वाचं, मोल कळतं ते काम झाल्यावर, पैसे अडकले की. मला ते उशिरा कळलं.

माझा पहिला सिनेमा अक्कलकोट रोडला झाला. नायकाच्या बहिणीचं काम, अकरा दिवस. मानधन फोनवर ठरलं. शेवटच्या दिवशी प्रॉडक्शनच्या दादांनी पाच हजार हातावर ठेवले आणि व्हाउचर पुढे केलं. रकमेची जागा कोरी होती. "नंतर भरतो, तू सही कर." मी केली. बाकीचे पैसे आजतागायत आलेले नाहीत. मुंबईत संघटनेच्या ऑफिसात गेले, तर तिथल्या बाईंनी पहिलंच विचारलं, "ॲग्रीमेंट आहे?" माझ्याकडे होते कॉलटाइमचे, म्हणजे सेटवर कधी यायचं त्याचे, मेसेज. रकमेचा उल्लेख एकातही नव्हता, आणि मी सभासदही नव्हते.

माझी आई बिड्या वळायची. कारखान्यात माल दिला की छाट, म्हणजे नापास बिड्या, किती निघाली, हजार किती भरले, हे वहीत तिथल्या तिथे लिहून घ्यायची. अक्षरओळख बेताची, पण आकड्यावर बोट ठेवून बघितल्याशिवाय जागची हलायची नाही. बिडी कामगार बायकांनी युनियनच्या बळावर कुंभारीला दहा हजार घरांची वसाहत मिळवली, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. अशा घरातली मुलगी कोऱ्या व्हाउचरवर सही करून आली, याचं मला अजून वाईट वाटतं.

आता संघटनांचं. हिंदी सिनेमा-मालिकांत बोलणाऱ्या भूमिका करणाऱ्यांची संघटना म्हणजे सिंटा, 1958 पासूनची. गर्दीत उभ्या राहणाऱ्या ज्युनिअर आर्टिस्टची वेगळी. लाइट, कॅमेरा, मेकअप अशा खात्यांच्या संघटनांचं मिळून फेडरेशन आहे, ते 1956 चं. मराठीसाठी कोल्हापूरचं अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळ. सभासद व्हायला केलेल्या कामाचे पुरावे लागतात, म्हणून पहिल्या दिवसापासून सगळे कागद जपून ठेवा. फी थेट ऑफिसात विचारा. "कार्ड काढून देतो" म्हणणाऱ्या एजंटाला एक रुपया देऊ नका.

निर्माता संघटनेला वचकून का असतो, तेही समजून घ्या. शिफ्ट बारा तासांची, वर गेली की ओव्हरटाइम. त्यामुळे शेड्यूल आखतानाच हिशेब धरावा लागतो. संघटनेची माणसं सेटवर कार्डं बघायला येऊ शकतात. 2008 च्या ऑक्टोबरमध्ये फेडरेशनने काम थांबवलं आणि मुंबईतली शूटिंग ठप्प झाली. हॉलिवूडमध्ये 2023 साली नटांचा संप 118 दिवस चालला, सिनेमांची प्रसिद्धीसुद्धा बंद होती. तिकडे सभासद नटाला संघटनेशी करार न केलेल्या निर्मात्याकडे कामच करता येत नाही. त्या संपातही ज्या छोट्या निर्मात्यांनी संघटनेच्या अटी मान्य करून तात्पुरता करार केला, त्यांची शूटिंग चालू राहिली.

आपल्याकडे इतकी सक्ती चालत नाही. सभासद नसलेल्यांना काम देऊ नका, नाहीतर बहिष्कार, ही पद्धत भारतीय स्पर्धा आयोगाने (बाजारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणारी सरकारी यंत्रणा) 2017 मध्ये कायद्याविरुद्ध ठरवली. त्याआधी 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मेकअपच्या संघटनेला बजावलं, की बाई आहे म्हणून कार्ड नाकारता येणार नाही. कित्येक वर्षं बायकांना तिथे मेकअप आर्टिस्टचं कार्डच मिळत नव्हतं! म्हणून मी संघटनेच्या बाजूची असले, तरी तिच्या प्रत्येक नियमाची नाही.

लेखी कराराची अट सिनेमा कामगारांच्या 1981 च्या कायद्यातही होती. वीस पानी इंग्रजी कागदच हवा असं नाही. भूमिकेचं नाव, दिवस, एकूण रक्कम, हप्ते कधी, प्रवास-राहण्याचा खर्च कोणाचा, आणि डबिंगचे पैसे यातच की वेगळे, एवढं मराठीत लिहून दोघांच्या सह्या घ्या. मालिकेत पैसे नव्वद दिवसांनी येतात. तेवढे दिवस खोलीचं भाडं कुठून भरणार, ते निघण्यापूर्वी ठरवा.

सिनेमात शेवटचा हप्ता डबिंगच्या आधी मागा, कारण तोवर निर्मात्याला तुमची गरज असते. दुसऱ्या सिनेमाच्या वेळी मी हेडफोन कानाला लावण्याआधी खात्यावर पैसे आलेले बघितले, मग माइकसमोर उभी राहिले. त्याच रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसने घरी आले.