किनाऱ्यावर स्पीड ट्रेनिंग करताय? मग आधी तिथी बघा

स्पीड वाढावा म्हणून पोरांना रोज पहाटे किनाऱ्यावरून चार-पाच किलोमीटर पळवायची पद्धत आपल्याकडे सगळीकडे आहे, ती आधी थांबवा. त्याने दम वाढतो, स्पीड नाही. स्पीडसाठी पूर्ण जोर लावून थोडंच पळायचं आणि मधे भरपूर आराम घ्यायचा, बस. वीस-तीस मीटरचे चार ते सहा स्प्रिंट आणि दर दहा मीटरमागे साधारण एक मिनिट विश्रांती, म्हणजे तीस मीटरनंतर तीन मिनिटं. पोरं तेवढ्यात गप्पा मारतात, मारू देत, नुसतं बसलेत म्हणून ओरडू नका. तेवढ्याच अंतराला वेळ जास्त लागायला लागला की त्या दिवसाचं स्पीडचं काम संपलं. आठवड्यातून दोनदा पुरे, मधे किमान दोन दिवस जाऊ द्या. बोल्टने 2009 ला बर्लिनमध्ये शंभर मीटरला 9.58 सेकंद काढले तेव्हा त्याचा टॉप स्पीड साठ ते ऐंशी मीटरच्या मधे आला होता, शाळेतलं पोर त्याच्या कितीतरी आधी स्वतःच्या टॉपला पोचतं, त्यामुळे रोज शंभर-शंभर मीटर मारून काही मिळत नाही. खो-खो, कबड्डीवाल्यांना तर पहिले पाच-दहा मीटरच कामाचे.

आता वाळूचं. कोरड्या मऊ वाळूत पाय रुततो, जोर वाळूतच जिरतो आणि पाय जमिनीवर जास्त वेळ राहतो, म्हणजे स्प्रिंटला जे हवं त्याच्या बरोबर उलट. वर पोटरी आणि टाचेच्या वरच्या शिरेवर ताण येतो तो वेगळाच. ताकदीसाठी अधूनमधून दहा-पंधरा मीटर ठीक आहे, पण स्पीड करायचा तो सुकतीला, म्हणजे ओहोटीला, उघड्या पडणाऱ्या ओल्या घट्ट पट्ट्यावर. आणि तो पट्टा कधी मिळेल ते तिथी सांगते. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची अंदाजे वेळ येते, हे कोळीवाड्यात कोणालाही विचारा. अष्टमीला आठ गुणिले पाऊण बरोबर सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाला भरती, त्या दिवसांत किनारा सोडा आणि शाळेच्या मैदानावर या. पुनव-अमावस्येच्या आसपास मात्र सकाळी पाच-सहाच्या सुमाराला पूर्ण सुकती, पाणीही लांबवर गेलेलं, स्प्रिंटचे दिवस तेव्हाच धरा. किनारा समुद्राकडे उतरता असतो, म्हणून नेहमी एकाच दिशेने पळवू नका, एक पाय कायम खाली पडतो आणि गुडघा-कंबर कुरकुरायला लागते. जाताना जेवढे स्प्रिंट तेवढेच येताना. आणि पळायच्या आधी तो पट्टा एकदा चालून बघा, कालवांची टरफलं, जाळ्याचे तुकडे, गळ, फुटक्या बाटल्या, काय वाट्टेल ते असतं.

वॉर्मअप पंधरा मिनिटं तरी हवाच: हलकं जॉगिंग, पाय झुलवणं, गुडघे उचलून पळणं, मग साठ-ऐंशी टक्क्यांचे दोन-तीन स्प्रिंट. एका जागी ताणून धरायचं स्ट्रेचिंग शेवटी.

मांडीमागचा स्नायू म्हणजे हॅमस्ट्रिंग, स्प्रिंटरचं हमखास दुखणं. पाय पुढे फेकला जातो आणि जमिनीवर टेकायच्या आत त्याला ब्रेक लावायचं काम हा स्नायू करतो, फाटतो बहुतेक तिथेच. यावर उपाय नॉर्डिक. गुडघ्यावर बसायचं, मित्राने घोटे घट्ट धरायचे, कंबर न वाकवता जमेल तेवढं हळू पुढे झुकायचं, शेवटी हातावर पडायचं. फुटबॉलपटूंवरच्या अभ्यासात नॉर्डिक करणाऱ्यांच्या हॅमस्ट्रिंग इंजुरी जवळपास निम्म्याने कमी झाल्या. आठवड्यातून दोनदा, सुरुवातीला चार-पाच रेप्सचे दोनच सेट. दुसऱ्या दिवशी मांडी भरून येते, त्यामुळे स्प्रिंटच्या आदल्या दिवशी नको.

अकरा ते पंधरा वयात अजून एक भानगड, उंची भराभर वाढते. दर महिन्याला भिंतीवर पेन्सिलने खूण करा, तीन महिन्यांत दोन सेंटीमीटर किंवा जास्त वाढ दिसली तर उड्या आणि स्प्रिंट कमी करा. या वयात गुडघ्याखालचा उंचवटा किंवा टाच दुखते ती बऱ्याचदा वाढत्या हाडावर ताण आल्यामुळे. "नाटकं करतोय" म्हणू नका. लंगडत असेल, रात्री दुखत असेल, नडगीच्या हाडावर एकाच जागी बोट ठेवलं की कळ येत असेल तर सरळ डॉक्टर. ताज्या दुखापतीवर तेल लावून रगडायचं नाही आणि हाडं बसवणाऱ्याकडे तर अजिबातच न्यायचं नाही, आजी कितीही म्हणाली तरी.

आपल्याकडे दमट हवेत घाम येतो पण वाळत नाही, शरीर थंडच होत नाही, म्हणून सरावाला सकाळची वेळ धरा. पाणी सोबत हवं, नंतर मीठ घातलेलं कोकम सरबत किंवा पेज.

शालेय स्पर्धा बहुतेक पावसात नाहीतर पाऊस संपता संपता येतात, म्हणजे ऐन तयारीला मैदानात चिखल. सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, जांभ्या दगडाला शेवाळ धरतं, तिथे पळवणं म्हणजे हातपाय मोडून घेणं. मग शाळेची पडवी पकडा. दोरीवरच्या उड्या, भिंतीला हात टेकून गुडघे उचलायचे ड्रिल, नॉर्डिक, उडी मारून आवाज न करता उतरणं, उतरताना गुडघे आत वळत नाहीत ना तेवढं बघा. फरशी ओली असेल तर उड्या बंद, त्या दिवशी फक्त नॉर्डिक.