बुनराकूच्या बाहुलीचे कपडे शिकताना

जपानमध्ये ओसाकाला जाऊन बुनराकूच्या, म्हणजे तिथल्या पारंपरिक बाहुलीनाट्याच्या, कपड्यांचं काम शिकायचं असेल तर आधी बाहुली उघडी बघा. मी पहिल्यांदा बघितली तेव्हा चरकलेच. खांद्याची एक फळी, तिच्या टोकांना घोसाळ्याची वाळकी जाळी, कमरेला बांबूचं कडं आणि मध्ये नुसतं लोंबतं कापड. छाती नाही, पोट नाही. स्त्री-बाहुलीला बहुधा पायही नसतात. पायांचा कलाकार आतून किमोनोचा काठ चिमटीत धरून तिला चालवतो. अंग म्हणून जे दिसतं, ते सगळं कपड्यातून येतं.

म्हणूनच बाहुली सजवण्याचं काम, 'कोशिराए', बाहुलीच्या तीन चालकांपैकी मुख्य चालक स्वतः करतो. किमोनो वेशभूषा विभाग देतो, पण तो बाहुलीवर सुईदोऱ्याने टाचतो तो हाच. गळपट्टी किती सैल ठेवायची, खांदा किती उतरवायचा, हा त्याच्या हाताचा अंदाज. पाठीला मोकळी जागा ठेवतात, तिथून त्याचा डावा हात आत जाऊन मान सांभाळतो.

मी एका हौशी मंडळात शिकले. प्रयोग संपले की टाके उसवून कपडे परत ठेवायचे असतात. पहिल्याच वेळी मी घाईत कात्री आडवी घातली आणि गळ्याजवळचं रेशीम नखाएवढं फाटलं. तिथल्या वयस्कर बाई रागावल्या नाहीत. त्यांनी माझा हात धरून दाखवलं: टाका बोटाने उचलायचा, दोरा मधोमध कापायचा, मग दोन्ही टोकं हळूच ओढायची. मी आठवडाभर फक्त उसवत होते. नव्याने येणाऱ्यांनीही शिवण्याआधी उसवायलाच शिकावं, असं मला मनापासून वाटतं.

कपड्यांना हातांचा घाम लागतो, तोंडाचा पांढरा रंगही लागतो. तो शिंपल्यांच्या भुकटीचा असतो, म्हणून ओला हात जवळ नेऊ नका. पावसाळा सरला की कपडे सावलीत वाऱ्यावर टाकतात, त्याला 'मुशिबोशी' म्हणतात. आपण पैठणीची घडी मुद्दाम बदलतो, जर तुटू नये म्हणून. किमोनो मात्र दरवेळी शिवणीवरच घडी घालून कागदात गुंडाळायचा. माझ्या हाताला ही सवय लागायला फार वेळ लागला.

एक व्यवहाराची गोष्ट. ओसाकाचं राष्ट्रीय बुनराकू नाट्यगृह १९८४ साली उघडलं. तिथलं प्रशिक्षण निवेदक, शामिसेन हे तीन तारांचं वाद्य वाजवणारे आणि बाहुली-चालक यांच्यासाठी आहे. कपड्यांसाठी जाणाऱ्यांनी हौशी मंडळांची दारं ठोठवावीत. जाताना सुया आपल्या न्या, आणि काम संपल्यावर त्या मोजून परत डबीत ठेवा. एखादी सुई रेशमात राहिली, तर ती टोचते आत घातलेल्या हाताला.