बर्फात नवा रेणू दिसला, तो किरणांमुळेच झाला हे कसं ठरवायचं

अवकाशातल्या बर्फावर प्रयोग करायला कुणी नवीन आलं की मी आधी विचारते, बर्फ नेमका कुठला? दाट, अंधाऱ्या मेघातल्या धूलिकणांवरचा, की गुरूच्या युरोपा या चंद्रावरचा? पुढचं सगळं त्यावर ठरतं. मेघातला कण सुमारे १० केल्विनला असतो आणि त्यावर वैश्विक किरण व अतिनील प्रकाश पडत असतो. युरोपाचा पृष्ठभाग १०० केल्विनच्या आसपास, आणि तिथे मारा असतो तो गुरूच्या चुंबकीय क्षेत्रात अडकलेल्या इलेक्ट्रॉनांचा आणि आयनांचा. त्या माऱ्यात पाण्याच्या बर्फापासून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. गॅलिलिओ यानाच्या निरीक्षणांत ते १९९९ मध्ये सापडलं.

इथे मी मेघातला बर्फ घेते. मिश्रणही अगदी साधं: पाणी आणि कार्बन मोनॉक्साइड.

सुरुवात निर्वातापासून. ज्या बंद भांड्यात प्रयोग करायचा, त्या चेंबरमधला दाब मिलिबारच्या एक हजार कोटीव्या भागापर्यंत खाली आणा. दहा लाखाव्या भागावरच थांबलात, तर उरलेल्या हवेतले रेणू काही सेकंदांतच बर्फावर अख्खा एक थर चढवतात. चांगल्या निर्वातात त्याच थराला काही तास लागतात. त्यासाठी चेंबर तापवून भिंतींना चिकटलेलं पाणी काढावं लागतं. वेळ जातो, पण ही पायरी गाळू नका.

मग चेंबरमधल्या थंड खिडकीवर, म्हणजे ज्या पारदर्शक चकतीवर बर्फ बसवायचा तिच्यावर, वायूंचं मिश्रण बारीक झडपेतून हळूहळू सोडा. १० केल्विनला पाण्याचे रेणू जिथे आदळतात तिथेच बसतात, त्यामुळे बर्फ स्फटिक न होता अस्ताव्यस्त रचनेचा होतो, मेघातल्यासारखाच. जाडी लाल लेसरने मोजा: किरण बर्फावर जवळपास लंब पडत असेल, तर परावर्तित प्रकाशाच्या एका पूर्ण चढउताराला साधारण पाव मायक्रोमीटर बर्फ चढलेला असतो. थर पातळच ठेवा. १२१.६ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश पाण्याच्या बर्फात काही शंभर रेणुथरांतच बहुतेक संपतो. त्याखालचा बर्फ कोराच राहतो आणि तुमची आकडेमोड बिघडवतो.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. अतिनील प्रकाशाचा दिवा लावायच्या आधी तसाच एक बर्फ बनवा आणि जितका वेळ मारा करणार आहात तितका वेळ तो अंधारात ठेवून त्याचे अवरक्त वर्णपट (बर्फ कुठल्या तरंगलांबीचा अवरक्त प्रकाश शोषतो याचे आलेख) घ्या. या कोऱ्या प्रयोगात जे दिसेल, त्याचं श्रेय किरणांना देता येणार नाही.

दिवा लावल्यावर २३४० प्रति सेंटीमीटरच्या (वर्णपटावरची जागा या एककात सांगतात) आसपास कार्बन डायऑक्साइडची रेषा वाढू लागेल. ती कशी तयार होते हे मला आजही सुंदर वाटतं. हायड्रोजन दिव्याच्या त्या १२१.६ नॅनोमीटरच्या फोटॉनची ऊर्जा १०.२ इलेक्ट्रॉनव्होल्ट, तर कार्बन मोनॉक्साइडचा बंध तोडायला लागतात सुमारे ११. म्हणजे तो रेणू तुटतच नाही! तुटतं पाणी, ज्याला पाचेक पुरतात. सुटलेला हायड्रॉक्सिल मूलक (मूलक म्हणजे चटकन दुसऱ्याशी जुळणारा रेणूचा तुकडा) शेजारच्या कार्बन मोनॉक्साइडला जोडला जातो आणि एक हायड्रोजन अणू बाहेर पडतो. तोच हायड्रोजन दुसऱ्या कार्बन मोनॉक्साइडला भेटला तर फॉर्मिल मूलक होतो, तिथून फॉर्माल्डिहाइड आणि फॉर्मिक आम्ल. दिव्याऐवजी हजारो इलेक्ट्रॉनव्होल्टचे इलेक्ट्रॉन सोडलेत, तर हा अडसर राहत नाही. म्हणून अतिनील आणि इलेक्ट्रॉन यांचे निकाल एकाच आलेखावर बिनदिक्कत टाकू नयेत.

पण चेंबरमधल्या घाणीतूनही कार्बन डायऑक्साइड येतो. त्यावर उपाय म्हणजे कार्बन-१३ चा, म्हणजे कार्बनच्या किंचित जड प्रकाराचा, मोनॉक्साइड वापरणं. त्यापासून झालेल्या डायऑक्साइडची रेषा २२८० च्या आसपास येते. २३४० ला काही वाढलं, तर त्यातला कार्बन बहुधा तुमच्या बर्फातला नाही.

किती मारा झाला याचा हिशेब लगेच लिहून ठेवा. दिवा दर चौरस सेंटीमीटरवर सेकंदाला १०० लाख कोटी फोटॉन देत असेल आणि मेघात त्याच जागेवर १०,००० पडतात असं धरलं, तर दिव्याचा एक तास म्हणजे मेघातली सुमारे ११ लाख वर्षं. मात्र मेघात एका फोटॉननंतर दुसरा यायला वेळ असतो, तुमच्या बर्फात नसतो. म्हणून एकूण मात्रा तीच ठेवून मंद दिव्याने प्रयोग पुन्हा करा. उत्पादन बदललं, तर माऱ्याच्या वेगाचाही त्यात हात आहे.

शेवटी बर्फ मिनिटाला एक केल्विन या वेगाने तापवा आणि दर १० केल्विनला वर्णपट घ्या. थंडीत अडकून पडलेले मूलक आता हलतात, एकमेकांना भेटतात. काही रेणू माऱ्यात नव्हे, तर इथे जन्मतात. त्यांची नोंद वेगळी ठेवा. कोरा बर्फही याच वेगाने तापवून घ्या. रेणूंचं वस्तुमान मोजणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरवर कार्बन-१३ पुन्हा कामी येतो: डायऑक्साइड ४४ ऐवजी ४५ ला दिसतो, फॉर्मिक आम्ल ४६ ऐवजी ४७ ला. ४७ ला शिखर आलं तरी कोऱ्या बर्फाचा आलेख त्यातून वजा करा, आणि मगच नाव लिहा.